निपाणी ते बेळगाव, दोघांच्या मध्ये बसून

कोल्हापूरच्या स्टँडवर निपाणीची बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली, आणि लगेच मला अपराधी वाटू लागलं. शेजारी एक आजी उभ्या होत्या. मी उठलो. त्या म्हणाल्या, "बसा की वो, मी कागललाच उतरणार हाय." मी बसलो नाही, त्याही बसल्या नाहीत, आणि कागलपर्यंत त्या जागेवर आजींची कोबीची पिशवी बसून आली.

माझा स्वभावच असा आहे. फलटणला मी लोकांच्या जाहीर मुलाखती घेतो. प्रश्न विचारला तर समोरच्याला दुखावलं असं वाटतं, नाही विचारला तर श्रोत्यांना फसवलं असं वाटतं. या खेपेला बेळगावच्या कॅम्पातल्या एका वाचनालयानं बोलावलं होतं. मुलाखत लष्करातले निवृत्त हवालदार दत्तू अण्णांची. तीसेक वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका देशात शेजारी शेजाऱ्याला कापत सुटला, तेव्हा अण्णा तिथं शांतिसेनेत जीप चालवत होते. गावकऱ्यांना गाडीत घ्यायचं नाही, असा हुकूम होता. अण्णांनी ताडपत्रीखाली दडवून, खेपा करकरून माणसं बाहेर काढली. माझी माहिती एवढीच. बाकीचं आधी विचारून घ्यावं म्हणून निपाणीला उतरून त्यांच्याबरोबरच पुढं जायचं ठरवलं होतं.

निपाणी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. वखारीपाशी तंबाखूचा खकाणा (झोंबणारी धूळ) उडत होता. मी सलग शिंकत आणि प्रत्येक शिंकेनंतर समोर येईल त्याची माफी मागत अण्णांच्या गल्लीत शिरलो. एका म्हशीचीही मागितली.

दारात आक्का, म्हणजे अण्णांची बायको, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यापासून चार हातांवर शेळीला पाला घालत होते.

"त्यांस्नी सांगा, पाव्हणं आल्यात," आक्का मला म्हणाल्या.

मी पाहुणा, मीच वळून अण्णांना सांगितलं, "पाहुणे आलेत."

"तिला सांगा, दिसाय लागलंय मला."

अण्णांनी मला गोठ्याकडं ओढलं. "दोन म्हयनं झालं, माझ्यासंगं बोलत न्हाय. मी तवा तिला सांगितलतं, आफ्रिकेत मी कूक हाय, मेसमधी कांदं चिरतोय. उगं घोर नको म्हणून. मग आमचं जुनं साहेब घरी आलतं. च्या पिता पिता समदं सांगून बसलं. तवापासनं बंद."

"मग घरात तिसरं कुणी नसतं तेव्हा?"

"तवा ती शेळीला सांगती. शेळी माझ्याकडं बघती. मी समजून घेतो."

"शेळीला तरी खोटं सांगू नगा म्हणावं!" दारातून आवाज आला.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा खर्डा होता. मी पोट भरल्याचं सांगितलं, त्याचं वाईट वाटलं म्हणून दोन भाकऱ्या खाल्ल्या. खर्ड्याचा मोठा घास तोंडात असतानाच आक्का म्हणाल्या, "इचारा त्यांस्नी, भाजी वाढू का?" डोळ्यांतून धारा लागलेल्या, तशाच अवस्थेत मी विचारलं. अण्णा हळहळले. "रडू नगा सायेब. आमचं मिटंल कवातरी."

हात धुताना आक्कांनी मला निकाल ऐकवला. "मी गाडीत येते, पर हालमधी पाय ठेवणार न्हाय. घरात सांगितलं न्हाय ते गावाला सांगू द्या. मी भाईर बसते."

अण्णांचा निकाल अंगणात मिळाला. "ती म्होरं बसली तरच तोंड उघडीन. न्हायतर तासभर तुमीच बोला."

तासभर मी एकटा बोललो तर फक्त माफी मागेन, हे मला ठाऊक होतं.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर डावीकडं अण्णा, उजवीकडं आक्का, मध्ये मी. उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते, दोन्ही बाजूंना काळं रान पसरलं होतं, पण मला काही नीट बघता आलं नाही. काच खाली करा म्हणावं, वारं लागतंय म्हणावं, मफलर घ्या म्हणावं, घेतलाय म्हणावं, असा माझा प्रवास चालला होता.

संकेश्वरच्या अलीकडं पोलिसांनी गाडी अडवली. साधी तपासणी होती. पण पोलीस दिसला की मी काहीतरी केलेलं आहे असं मला खात्रीनं वाटतं. कुणी विचारायच्या आत मी बॅग उघडून म्हणालो, "यात गोळ्या आहेत, पण पोटाच्या आहेत."

पोलीस सावध झाला. अण्णांनी डोकं बाहेर काढलं. "साहेबरे, ऊटा आयता?" (साहेब, जेवण झालं का?)

"इन्ना इल्री!" (अजून नाही हो!) पोलीस हसला. दोघं कन्नडमध्ये भुकेबद्दल काहीतरी बोलले, आणि त्यानं हात हलवून जायला सांगितलं. माझ्या गोळ्या कुणी बघितल्यासुद्धा नाहीत.

"आफ्रिकेतही गाडी अडवली की असंच करायचात का?" मी विचारलं.

"असंच. त्यांच्या बोलीतलं चार शब्द शिकलो हुतो. हातात कोयता असला तरी माणूस उपाशीच असतोय. आदी जेवलास का इचारायचं. मग एक बिडी द्यायची, आपून बी पेटवायची. त्यो बिडी वडतोय तवर गाडीच्या मागं जात न्हाय. ताडपत्रीखाली माणसं दम धरून पडल्याली. बिडी संपायच्या आत हसवायचं आन् गाडी काडायची."

"इचारा त्यांस्नी," उजवीकडून आवाज आला, "बिड्या कुणाच्या?"

मी विचारलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरच्या."

बिड्या वळून दिल्या की कारखान्याचा माणूस त्यातल्या वाकड्यातिकड्या बाजूला काढतो. त्यांना छाट म्हणतात, त्यांची मजुरी मिळत नाही. आक्का ती छाट डब्यात साठवायच्या आणि रजा संपवून अण्णा निघाले की मित्रांना द्या म्हणून त्यांच्या पेटीत भरायच्या.

"माज्या हातच्या बिड्या त्या मुडद्यांनी वडल्या?" आक्का मला म्हणाल्या. जणू मीच पेटवून दिल्या होत्या. मी माफी मागितली.

हत्तरगी आलं. माफी मागून भागेना, म्हणून मी विचारायला नको ते विचारलं. "बिड्या संपल्यावर काय केलंत?"

अण्णांनी मफलर सारखा केला. "नुसतं बोलून बगितलं. एकदा जमलं. एकदा न्हाय."

आक्का पुढं वाकल्या. माझ्या गुडघ्यावर हाताचा भार देऊन, मला ओलांडून, थेट नवऱ्याकडं बघत कडाडल्या, "मग पत्तर टाकाय काय झालतं तुमास्नी? पोतंभर धाडल्या असत्या! हितं छाटीची कमी हुती का?"

ड्रायव्हरनं घाबरून गाडी हळू केली.

"तुला वाटत हुतं मी कूक हाय," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कूकाला पोतंभर बिड्या कशाला लागतील गं?"

"मी इचारलं नसतं. धाडल्या असत्या."

काकतीपर्यंत दोघं माझ्या अंगावरून भांडत होते. माझ्या कानाला दडे बसले, पण कुणी मला 'म्हणावं' म्हणून सांगितलं नाही.

मुलाखत चांगली झाली. माझी नव्हे, त्यांची. आक्का पुढच्या रांगेत बसल्या नाहीत, सरळ स्टेजवर आल्या. संयोजकांनी तिसरी खुर्ची आणेपर्यंत माझ्या खुर्चीवर बसल्या. मी उभ्यानं विचारत राहिलो. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, "अण्णा, तुम्हाला भीती नाही का वाटली?" अण्णा म्हणाले, "वाटली की." आक्का म्हणाल्या, "आता बगा, माजी लई वाटती." हॉल हसला. 'एकदा न्हाय'बद्दलचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि मेसमध्ये कांदे खरंच कोण चिरायचं, असं विचारलं.

परतीला निपाणीपर्यंत मी ड्रायव्हरशेजारी बसलो. ऊन कललं होतं. मागं पुन्हा भांडण चालू होतं: सत्कारात मिळालेल्या शालीचा रंग, अण्णांनी विसरलेली एक गोष्ट, आक्कांनी वाढवून सांगितलेली दुसरी. मग घाट लागला तसा आवाज खाली आला. आक्कांनी विचारलं, "ते एकदा न्हाय म्हणलात, त्या गाडीत कोन कोन हुतं?"

अण्णा सांगू लागले. एकेकाबद्दल, सावकाश. कुणाच्या अंगावर काय होतं, कुणाला गाडी लागायची, कोण वाटेत गुणगुणत होतं. आक्का मधेच एखादा प्रश्न विचारायच्या, जसा गावातल्या माणसाबद्दल विचारावा.

मला सगळं ऐकू येत होतं. माणसांना बोलतं करून ते लोकांपुढं मांडणं हेच माझं काम, आणि फलटणला पोचल्यावर मी हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा ती माणसंही लिहून काढणार होतो. पण अण्णा ते मला सांगत नव्हते. बायकोला सांगत होते, तीस वर्षांनी. म्हणून ते इथं लिहीत नाही.