पिंप रिकामं जात नाही

राज्यांच्या नव्या वाटणीत आपण नागपूरच्या राज्यात राहणार की भोपाळच्या, यावर आमच्या डोईफोडिया गावच्या पारावर भांडणं चालायची, त्या वर्षी आमच्या शाळेत परदेशी अक्षरांच्या पिंपात भरलेली दुधाची पावडर समुद्रापारहून आली. पाऊस दगा देऊन गेला होता, पोरं सुकली होती. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या मथुराबाई सकाळी येऊन ती पावडर गरम पाण्यात कालवायच्या आणि पोरांना पाजायच्या. पोरं पळायला लागली तशा त्या पिंपाला रोज हात जोडायला लागल्या. "ना ओळख ना पाळख, मास्तर, अन् आपली लेकरं पोसली!"

पुढची ज्वारी घरात आली तोवर पावडर संपली. पावडर पोचवणारे सरकारी साहेब जीपमधून रिकामं पिंप न्यायला आले, तर ते ज्वारीनं काठोकाठ भरलेलं! बाईंनी घरोघर फिरून ओंजळ-ओंजळ जमवली होती.

साहेब हसले. "समुद्रापार ज्वारी कोण नेणार, बाई?"

बाई भडकल्या. "शेजारणीचं भांडं तुमच्या घरून रिकामं जातं का? तिकडं जात नसंल तर दुसऱ्या भुकेल्याला द्या. पण रिकामं नेऊ नका!"

साहेबांनी पिंप खकनारकडच्या एका गावात उतरवलं. तिथली कपाशी किडीनं गेली होती. आम्ही ते विसरूनही गेलो.

वर्षभरानं शाळेसमोर एक बैलगाडी थांबली. गाडीत तेच परदेशी अक्षरांचं पिंप, तुरीनं भरलेलं. मी थक्क होऊन गाडीवानाला विचारलं, "हे पाठवायला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघत म्हणाला, "सांगायचं काय त्यात? भांडं तुमचं होतं ना?"