त्या घरी चुडा भरणार नाही

माझ्या बापानं माझ्या हातात बांगड्या भरल्या. भर दुपारी, दुसऱ्याच्या अंगणात, दहा-बारा पुरुषांच्या देखत. काचेच्या, हिरव्यागार.

आबा खुर्चीत बसले होते. आबा म्हणजे माझ्या वर्गातल्या ऋतुजाचे चुलते. शेजारच्या गावातलं मोठं घर. सोसायटीत ते, शाळेच्या कमिटीत ते, कुणाच्या लग्नात पहिला फेटा त्यांना. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला होता, बांगड्या भरायच्यात, पेटी घेऊन ये. अब्बा खूश झाले. श्रावण तोंडावर होता, नवा माल आला होता. मला म्हणाले, चल, पेटी धरायला कोणीतरी पाहिजे. मी इस्त्रीचा शर्ट घातला. त्या घरात ऋतुजा होती, म्हणून घातला.

अंगणात एकही बाई नव्हती. अब्बांनी पेटी उघडली, माल मांडला आणि विचारलं, "आवं आबा, वैनी कुठं हायती?"

आबांनी मोबाईल पुढं केला. त्यात फोटो होता. माझा आणि ऋतुजाचा.

"तुझ्या पोराच्या हातात भर," आबा म्हणाले.

"आबा, पोरगं हाय ते."

"म्हणूनच सांगतोय. भर."

आमचा धंदा तीन पिढ्यांचा. कोरेगावच्या आसपासच्या गावांतल्या कितीतरी बायकांचे हात अब्बांनी हातात घेतलेत. अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, पंजा आत मुडपायचा आणि बांगडी फिरवत फिरवत वर सारायची. बाईला कळतही नाही. पण माझा हात पुरुषाचा, कष्टाचा, हाडं रुंद. मोठ्यात मोठं माप काढलं तरी सहज जाईना. तिसरी बांगडी अंगठ्यापाशी तडकली, काच आत गेली, रक्त आलं. आणि अब्बा सवयीनं म्हणाले, "वाढली."

बाईच्या हातात बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. अशुभ नको म्हणून. जन्मभराची सवय त्यांची, तोंडातून गेलं. सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "पोरगी तयार झाली की रं!"

अब्बांनी मान वर केली नाही. पुढची बांगडी उचलली. मला आबांचा राग नंतर आला. आधी आला तो बापाचा. उठ की, असं मनात ओरडत होतो मी. ते उठले नाहीत.

त्या फोटोत काय होतं ते सांगतो. म्हणजे गुन्हा कळेल.

अकरावीला ऋतुजा माझ्या वर्गात होती. खो-खोची कॅप्टन. बोलायला लागली की मास्तर गप्प. मी मागच्या बाकावरचा, हजेरीला माझं 'प्रेझेंट' पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. मुली माझ्याशी बोलायच्या नाहीत, मी तर त्यांच्याकडं बघायचोही नाही. तीच एके दिवशी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हात माझ्या नाकापाशी धरला.

"सांग, माझं माप काय?"

"सव्वादोन," मी म्हणालो. हाताकडं बघून. तोंडाकडं बघायची छाती नव्हती.

"आयला! न मोजता?" तिनं सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं. मग रोज एका मैत्रिणीला धरून आणायची, हिचं सांग, तिचं सांग. मी सांगायचो. हळूहळू मान वर करून सांगायला लागलो. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ती माझ्या भाकरीवर न विचारता वाढायची. एकदा म्हणाली, "तू लय कमी बोलतोस, पण बोललास की बरं वाटतं." ते वाक्य मी आठवडाभर उराशी धरून झोपलो. एवढंच आमचं प्रेम. सांगायला लाज वाटावी असं त्यात काही नाही, आणि मला वाटतही नाही.

गॅदरिंगला ती नाचात होती. बांगड्या आणल्या होत्या, घालता येईनात, वेळ झाला होता. बाकावर बसली, हात पुढं केला. "भर की रं. मामांचाच पोरगा ना तू?" गावातल्या बायका अब्बांना मामा म्हणायच्या. मी शेजारी बसलो आणि दोन्ही हात भरले. एकही फुटली नाही. ती हसली, मीही हसलो. कुणीतरी फोटो काढला आणि तो ग्रुपवरून फिरत फिरत आबांकडं गेला.

हात धरला हा गुन्हा नव्हता. त्या घरातल्या प्रत्येक बाईचा हात माझ्या बापानं धरला होता. आबांच्या आईचा, बायकोचा. आबांनी स्वतः समोर बसून, भर रं चांगल्या बारीक नक्षीच्या, असं सांगितलेलं मी ऐकलंय. पण अब्बा तेव्हा जमिनीवर बसायचे. बाई ओट्यावर, बांगडीवाला खाली. मी त्या दिवशी खाली बसलो असतो तर तो फोटो कुणी दुसऱ्यांदा बघितला नसता. मी तिच्या बाकावर बसलो होतो. खांद्याला खांदा, वर हसत.

हे मला तिथंच, त्या अंगणात कळलं. रक्त पुसायचंही सुचत नव्हतं आणि डोकं मात्र लख्ख झालं. माझ्या बापाला ही माणसं पुरुष धरतच नव्हती. माणूसही धरत नव्हती. पेटीला हात फुटलेत, एवढंच. म्हणून तर बिनघोर त्यांच्या हातात बायकांचे हात देत होती. आणि आम्ही त्याला विश्वास समजत होतो, मान समजत होतो. मामा म्हणतात, म्हणून फुगत होतो.

भरून झाल्यावर आबा म्हणाले, "आता पाया पड बापाच्या. बायका पडत्यात की."

बांगड्या भरल्यावर बाई बांगडीवाल्याला वाकून नमस्कार करते, ती रीत आहे. मी वाकलो नाही. कुणीतरी मागून मान दाबली, तरी वाकलो नाही.

तेवढ्यात माजघरातून ऋतुजा बाहेर आली. रडून डोळे सुजलेले. कुणी अडवायच्या आत माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि हात पुढं केला.

"मामा, मलाबी भरा. ह्यातल्याच."

अब्बांचा हात हवेत राहिला. आबांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि आत ढकललं. आतून ती ओरडत होती, "भरा मामा, भिऊ नका!" मग कुणीतरी दार लावलं. महिन्याभरात तिला कवठे महांकाळला आजोळी धाडलं. बारावी तिनं तिकडंच केली.

परत येताना अब्बांनी पुलापाशी गाडी थांबवली. "काढ त्या," म्हणाले. "आपलं गाव यायच्या आत काढ."

"न्हाई."

"बेटा, लोक हसतील."

"हसू द्या. अम्मीच्या हातात बी हायत्या. बांगडीच्याच जिवावर आपन जेवतो. बाईचा दागिना माझ्या हातात आला तर त्यात लाज कसली? लाज भरायला लावनाऱ्याला पायजे."

एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. अब्बा पुलाच्या कठड्यावर बसून रडले. मी बांगड्या वाजवत बाजारातून चालत घरी गेलो. सोमवारी त्याच घालून वर्गात बसलो. पोरांनी शिट्ट्या मारल्या, सरांनी काढायला सांगितलं. काढल्या नाहीत. मागच्या बाकावरही बसलो नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. अब्बांचा हात त्या दिवसापासून कापतो. डॉक्टर म्हणतात काही नाही, मनाचं आहे. बांगडीवाल्याचा हात कापला की संपलं. दारोदार जाणं सुटलं, कोरेगावात दुकान आहे तिथं मी बसतो. अब्बा कोपऱ्यात नुसते माल पुसत बसतात. हे त्यांचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी रोज बघतो. रोज बघतो म्हणून माझा राग शिळा होत नाही.

गेल्या महिन्यात आबा दुकानात आले. त्यांच्या पोरीचं लग्न. हळदीच्या आदल्या दिवशी सगळ्या घराला चुडा भरायचा. आमच्यातला कुणीच बांगडीवाला त्यांच्याकडं जायला तयार नव्हता. सगळे आमचेच चुलत-मावस. मी एकेकाच्या घरी जाऊन सांगून ठेवलं होतं.

"झालं गेलं इसर," आबा म्हणाले. "घरला ये. पाव्हनं काय म्हनतील?"

"न्हाई येनार."

"आरं, पोरीचं शुभकार्य हाय. तिचा काय दोष?"

"त्या दिवशी अंगनात आली ती बी पोरगीच हुती, आबा. तिचा काय दोष हुता?"

ते अब्बांकडं वळले. "तू तरी सांग की रं ह्याला."

अब्बांनी फडकं खाली ठेवलं. "दुकान त्याचं हाय," म्हणाले. "आनि मला आवं-जावं करा."

आबा गेले. सगळ्या बायका जीपमध्ये घालून साताऱ्याला नेल्या म्हणे, कुठल्याशा दुकानात रांगेत उभ्या करून चुडे भरले. नवरी रडली म्हणतात. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं लोक सांगतात. मला नाही वाटलं.

ऋतुजा आता सांगलीला शिकते. ह्या तीन वर्षांत आमचे फोन सुटले नाहीत. लग्नाला ती आली, मोकळ्या हातांनी. साऱ्या मांडवात तिच्याच मनगटात काही नव्हतं. विचारणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं कारण सांगितलं, मोठ्यानं, तिच्या पद्धतीनं. रात्री फोन करून म्हणाली, "आता तुजी पाळी. बोल."

मी बोललो, लग्नाचंच. ती हो म्हणाली. मला एकवीस पूर्ण होतील तेव्हा आम्ही साताऱ्याला विवाह नोंदणीच्या ऑफिसात जाणार आहोत. पळून नाही. तिथं महिनाभर नोटीस लागते, दोघांची नावं, दोघांचे पत्ते, कुणीही वाचावं अशी. आमच्यासारखी पोरं त्या नोटिशीलाच घाबरतात. ती वाचून माणसं जमतात, दारं ठोठावतात, हल्ली तर गाड्या भरून येतात. मला माहीत आहे. अम्मी आत्तापासून झोपत नाही.

पण मला ती नोटीस हवीच आहे. भर रहदारीच्या भिंतीवर, डोळ्याच्या उंचीला हवी आहे. आबांनी चष्मा लावून वाचावी. आधी माझं नाव, मग माझ्या बापाचं पूर्ण नाव, जे त्यांनी आजवर एकदाही घेतलेलं नाही. ती फाडायला त्यांनी स्वतः यावं, माणसं पाठवू नयेत. महिनाभर मी त्या भिंतीपाशीच उभा राहणार आहे.