खंडेनवमीला न दाबलेलं बटण

एक बटण दाबायचं होतं, 'नंतर' असं लिहिलेलं. तीन आठवडे मी ते रोज सकाळी दाबत होते. लॅपटॉप उघडला की कोपऱ्यात चौकट यायची, अपडेट तयार आहे, आत्ता करू की नंतर? मी 'नंतर' दाबायची आणि कामाला लागायची. खंडेनवमीच्या दिवशी तेवढं दाबलं नाही. त्याचं पुढं काय झालं ते लिहायला बसले आहे. लिहून काही परत मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आमच्या घरात माणसं दोनच, मी आणि हे. मूलबाळ नाही. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. ह्यांचा उद्यमनगरात लेथवर लोखंडी भाग कातायचा लहानसा कारखाना होता. माणूस मूळचा गडमुडशिंगीचा, आवाज असा की चार लेथ चालू असताना पलीकडच्या गाळ्यात ऐकू जावा. मला हाक एकच, 'अगं'. नाव कधी घेतलं नाही. संध्याकाळी गाडी स्टँडला लावायच्या आधी फाटकातूनच 'अगंऽ' सुरू व्हायचं, आणि मग काय ते, चहा टाक, टॉवेल दे, आज कोण भेटलंतं माहीत हाय का. 'गल्लीतल्या सगळ्या बायका ओ देतील एक दिवस, हळू बोला जरा,' असं मी आयुष्यभर करवादले. मी पेठेतल्या मास्तरांच्या घरातली, मला त्या आवाजाची लाज वाटायची. हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी आषाढात ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. पाय थोडा माघारी आला. उजव्या बाजूचं दिसणंही कमी झालं, ताटात उजवीकडची भाजी तशीच राहायची. डोकं मात्र लख्ख. कळत सगळं होतं, शब्द तेवढा जिभेवर येत नव्हता. उरला होता एकच, 'न्हाय'. चहा हवा का? 'न्हाय', आणि कप ओढून घ्यायचे. पंखा बंद करू का? 'न्हाय', आणि मान होकारार्थी. महिनाभरात मला त्या एका शब्दाचे सतरा सूर ओळखता यायला लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा महिने सोन्यासारखे, जे काय परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं. वाचेचे व्यायाम घेणारी एक मुलगी पुण्याहून रोज अकरा वाजता लॅपटॉपवर यायची. मला काकू म्हणायची, ह्यांना काका. तिचा चित्रांचा कार्यक्रम मोठ्या पडद्यावरच चालायचा. आमचं घर रहदारीच्या रस्त्यावर, म्हणून कानाला ब्लूटूथचा हेडफोन घेतला होता. वायरचा आधी आणलेला, पण त्याची वायर मेलेल्या हातात अडकायची आणि हे तो उपटून फेकायचे. 'एक दिवसही खाडा नको हं काकू,' ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी एकही खाडा होऊ दिला नाही. तीन महिन्यांत बारा शब्द झाले. पाणी, चहा, दार, बस, भाकरी. वहीत एकेक लिहून ठेवत होते.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, 'अगं'. मोठा नव्हता. मला वाटलं, शेजारच्या घरातला. मग परत आला. मी किसणी टाकून धावले. हे खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडं बघून तोंडभर हसत होते, एका बाजूनं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. चाळीस वर्षांत ज्या हाकेला मी नाक मुरडलं, तिच्यासाठी तेव्हा मी काहीही दिलं असतं. पुण्याच्या मुलीला सांगितलं तर तीही टाळ्या वाजवायला लागली. मग गंभीर होऊन म्हणाली, 'काकू, हा शब्द अजून ओला आहे. रोज म्हणून घेऊ, म्हणजे बसेल.' दोन दिवस तिनं तो म्हणवून घेतला. पहिल्या दिवशी तीनदा आला, दुसऱ्या दिवशी पाच वेळा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कारखान्यात ह्यांचा नेम कडक असायचा. यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालायची, लेथवरचा दिवा लावून ठेवायचा, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी यंत्राला बोट लावायचं नाही. हत्याराला वर्षातनं एक दिवस इसावा द्यायचा, असं म्हणायचे. कारखाना आता दुसऱ्याकडं गेला होता. मी घरातच पाट मांडला, त्यावर ह्यांचा पाना, मापं घ्यायचा व्हर्नियर आणि माझा कंपास ठेवला. ह्यांनी डाव्या हातानं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. तोही ठेवला. बंद करून ठेवायला लागले तर 'न्हाय'. चालू ठेवायचा होता, लेथच्या दिव्यासारखा. मग उघडाच ठेवला, चार्जर लावून, कडेला हळदकुंकवाची दोन बोटं आणि वर एक झेंडू. पुण्याच्या मुलीची त्या दिवशी सुट्टी होती.

दुपारी पडद्यावर चौकट आली. या वेळी नुसतं विचारणं नव्हतं, खाली आकडे उलटे सरकत होते. मी उठले, हात पुढं केला. आणि खुर्चीतून आवाज आला, 'न्हाय!' कारखान्यातला आवाज, तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला तो. सतरा सुरांतला हा मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होते. पूजेतल्या हत्याराला हात लावू नकोस. मी हात मागं घेतला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, माणूस परत घरात आल्यासारखं. आकडे संपले, पडदा निळा झाला, गोल फिरायला लागलं आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली. दहा वाजता लॅपटॉप पुसून टेबलावर घेतला. वाय-फायची खूण होती तिथं नुसता पृथ्वीचा गोळा. ब्लूटूथचं बटण तर जागेवरच नव्हतं, कधी नव्हतंच असं. राउटर बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबून परत काढलं. लॅपटॉप रीस्टार्ट केला, एकदा, मग सहादा. अकरा वाजले. मोबाईलवर त्या मुलीला लावलं आणि ह्यांच्या पुढ्यात धरलं. तेवढ्याशा पडद्यातलं अर्धंच दिसत असणार. हे थोडा वेळ बघत राहिले आणि मोबाईल टेबलावर पालथा घातला.

सणामुळं दुकानं बंद होती, म्हणून दोन दिवस मीच खपले. उघडल्यावरही चार दिवस गेले नाही, हे माझं पाप. गणिताची बाई मी, पोरांना सांगत आले की पायरीपायरीनं गेलं की उत्तर सापडतंच. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, वहीत पायऱ्या लिहायच्या आणि एकेक करून खोडायच्या. लॅपटॉपनं स्वतःच स्वतःची तपासणी केली आणि सांगितलं की दोष आढळला नाही. आतल्या यादीत वायरलेस कार्डाची ओळच नव्हती. नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, घाला असं सगळे सांगत होते. वाय-फाय दुरुस्त करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला वाय-फाय हवं. अपडेट काढून टाकलं, तरी फरक नाही.  मदतीच्या नंबरावर गाणं ऐकत बसले.

आणि त्या दिवसांत मी एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितलेली नाही. कागदावर चित्रं काढून मीच ह्यांचा तास घ्यायला लागले. पाण्याचा पेला दाखवायचा, हे काय? 'न्हाय.' दार दाखवायचं. 'न्हाय.' सहाव्या दिवशी लॅपटॉपपुढं सकाळभर डोकं फोडून मी उठले होते, तशीच ह्यांच्यासमोर बसले. 'अगं म्हणा,' म्हटलं. 'न्हाय.' 'म्हणा की! परवा म्हणत होता ना? पाच वेळा म्हणालात! आता काय झालं?' मी ओरडत होते. नापास पोरावर ओरडावं तशी.  मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. संध्याकाळपर्यंत ते 'न्हाय'सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. तिथल्या माणसानं उघडून बघितल्यासारखं केलं, 'कार्ड गेलंय, पुण्यासनं मागवाय लागंल,' म्हणाला, पाठीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि फळीवर ठेवून दिला. उद्या या, परवा या. पाच दिवस तो त्या फळीवर होता. शेवटच्या दिवशी मी कार्ड विचारलं तर तो दुसऱ्याच कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मी फळीवरून लॅपटॉप उचलला आणि रिक्षा करून घरी आले. ह्यांना एकटं फार वेळ ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही रिक्षात घातलं आणि दुसरं दुकान शोधायला निघाले. आता उरलीच होती कुठली लाज.

जिन्याखालच्या एका गाळ्यात पन्नाशीचा माणूस बसला होता, चष्मा कपाळावर. ह्यांना बघून त्यानं स्वतःचं स्टूल पुढं केलं. 'या पावणं, टेका. काय झालंया?'

'न्हाय,' हे म्हणाले.

मी सगळं सांगितलं, वही उघडून, पायऱ्यांसकट. त्यानं वहीकडं बघितलंही नाही. चार्जरची पिन उपटली, लॅपटॉप बंद केला आणि चालू करायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. मोठ्यानं मोजायला लागला. एक, दोन, तीन. हे स्टुलावरून त्या अंगठ्याकडं टक लावून बघत होते, प्रत्येक आकड्याला डाव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं. चाळीसला त्यानं अंगठा काढला, पिन लावली, लॅपटॉप चालू केला. कोपऱ्यात वाय-फायच्या रेघा उभ्या राहिल्या. खाली ब्लूटूथ.

'म्यॅडम, तुमी नुसतं रीस्टार्ट मारत बसला असणार. त्येनं ह्याच्या अंगातली वीज जात न्हाय की. अपडेटमधी कार्ड झोपलंतं, ते उठवाय लागतंय.' मग चष्मा डोळ्यांवर घेऊन म्हणाला, 'आन नेटच पायजे हुतं तर मोबाईलची वायर जोडायची की हेला. तवाच चालू झालं असतं.'

मोबाईलची वायर. ती माझ्या पर्समध्ये होती. अकरा दिवस होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मी हे पोरांना शेकडो वेळा ऐकवलं असेल. मला त्या दुकानातच खाली बसावंसं वाटलं.

बाराव्या दिवशी अकरा वाजता ह्यांच्या कानावर हेडफोन चढवला. पुण्याची मुलगी पडद्यावर आली. 'काका, तुमचं सोनं राहिलंय माझ्याकडं,' म्हणाली. मी बाजूला बसले, वही मांडीवर. तिनं पेला दाखवला. 'न्हाय.' दार. 'न्हाय.' भाकरी. हे बराच वेळ बघत राहिले, घसा हलला, आणि 'न्हाय.' ती हसत होती, पण मी तीस वर्षं वर्गापुढं उभी राहिलेली बाई आहे, बाईंचं हसू कधी नुसतं ओठांवर राहतं ते मला कळतं. मग तिनं माझा फोटो लावला. पडदाभर मी. 'काका, ह्या कोण? हाक मारा बरं यांना.'

ह्यांनी फोटो बघितला. मग मान वळवून, पार वळवून, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं.  ओठ 'अ'चे झाले, तसेच राहिले, डोळ्यांत पाणी आलं. 'न्हाय,' ते म्हणाले, इतकं हळू की त्या मुलीला ऐकूही गेलं नसेल. मी वही मिटली. 'परत पाण्यापासून सुरू करू,' ती म्हणाली. मी बरं म्हणाले.

तास संपला, तिचं चित्र गेलं. मी हेडफोन काढायला उठणार तेवढ्यात कोपऱ्यात चौकट आली. आणखी एक अपडेट, आत्ता करू की नंतर? माझा हात हलेना. तेव्हा ह्यांचा डावा हात टेबलावरून सरकत आला. ह्या हाताची त्यांना सवय नाही, चमचासुद्धा अजून नीट धरता येत नाही. बाण इकडं गेला, तिकडं गेला, दोनदा चौकटीबाहेर पडला. मग 'नंतर'वर थांबला आणि त्यांनी दाबलं. दाबून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, खंडेनवमीचा तो 'न्हाय' मी एकटीच आठवत बसले नव्हते.

सहा महिने कधीच उलटून गेले. पाणी आलं, चहा आला, बसही आलं. 'अगं' आलं नाही. अजूनही संध्याकाळी फाटकाबाहेर कुणी कुणाला हाक मारली की माझा हात कामावर थांबतो. मुलगी पुण्याहून आता आठवड्यातून दोनदाच येते. त्या दिवशी लॅपटॉप उघडून मी ह्यांच्या पुढ्यात ठेवते आणि मागं सरकून बसते. कोपऱ्यात चौकट आली तर ते बटण आता मी दाबत नाही. हे दाबतात.