बाभळीचं गोणपाट

भंगारात देण्याआधी अण्णांची जीप रिकामी करत होते, तेव्हा सीटखाली घडी घातलेलं एक गोणपाट सापडलं. जुन्या ग्रीसचा तो वास नाकात शिरला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

माजलगावला माझा बारावीचा पेपर होता. अण्णांनी उसाला पाणी सोडलं, बंद करायचं विसरले, आणि सकाळी आमची जीप आमच्याच पाण्यात रुतली. जीपला पुढे तार गुंडाळून जीप ओढून काढणारी विंच होती, पण तार बांधायला झाड एकच: शेजारच्या बाबूकाकांची बाभूळ. बांधाच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद!

"अण्णा, विचारा की त्यांना!"

"मी कावून विचारू?"

बाबूकाका पाच हातांच्या अंतरावर उभे राहून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनीच गोणपाट आणून बुंध्याला गुंडाळलं आणि त्यावरून तार फिरवून हूक अडकवला.

मला म्हणाले, "साल निघू नये म्हणून हाय हे. वढ म्हणावं तुझ्या बापाला."

अण्णा मलाच म्हणाले, "वढतो. बाजूला हो म्हणावं त्याला."

पेपरची वेळ होत आली होती, आणि मी या दोन शहाण्यांचे निरोप पोचवत होते! जीप निघाली, पेपर कसाबसा गाठला.

संध्याकाळी अण्णांनी गोणपाट धुऊन माझ्याच हाती परत पाठवलं. बाबूकाकांनी घेतलं नाही.

"ऱ्हाऊ दे म्हणावं जीपमधी. परत रुतला तर बाभूळ हितंच हाय."

तेव्हा मला तो टोमणा वाटला.

आता दोघंही नाहीत. मरेपर्यंत दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, आणि अण्णांनी हे गोणपाट टाकलं नाही. काय म्हणावं या माणसांना!