वाटेत असलेल्याचं ताट

मुलांनो, चोवीस डिसेंबरला मी एक ताट जास्तीचं का मांडते, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहून ठेवते. महायुद्धात देश सोडावा लागलेल्या एक पोलिश बाई पुण्यात आमच्याकडे भाड्याने राहायच्या. त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, चोवीस डिसेंबरला, त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. माझी आत्या बाहेरचं खात नसे, तिने स्वतःचा वरणभात डब्यातून आणला होता. त्यांच्या रिवाजाप्रमाणे टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरलेलं होतं आणि त्याच्या वासात खसखशीच्या गोडाचा वास मिसळला होता. पहिली चांदणी दिसल्यावर सगळे बसलो, तरी एक ताट रिकामंच राहिलं. आत्याने मला हळूच विचारलं, "पितरांचं पान का गं?" मला माझ्या इंग्रजीची घमेंड, मी लगेच बाईंना विचारलं, "हे तुमच्या मेलेल्यांसाठी का?" बाईंचा वाढता हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "नाही. जो अजून वाटेत असेल, त्याच्यासाठी." मी ते आत्याला सांगितलं. "मग रिकामं कशाला ठेवलंय? उपाशी येईल तो," असं म्हणत तिने आपला वरणभात त्या ताटात वाढला, आणि बाईंनी तो निवू नये म्हणून वर झाकण ठेवलं. युद्ध संपल्यावर बाई पुणं सोडून गेल्या. मुलाचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. जाताना त्यांनी आम्हाला दिलेलं, काठाला पोचा आलेलं ते ताट अजून माझ्याकडे आहे.