बाबांना तळ्याचं कळलं कसं?

आधीच सांगते, मी जीवशास्त्र शिकवते. मांजर आडवं गेलं तर थांबून त्याची जात बघणारी बाई आहे मी! अंगारे-धुपारे, गंडे-दोरे बाबांनी आमच्या घरात कधी शिरूच दिले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण लिहिते.

आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात राहतो. पडेगावच्या पुढं दौलताबादचा रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या कुशीत एक जुनं तळं आहे. बाबा तिथं तीस वर्षं चौकीदार होते. सुट्टीत मला सोबत न्यायचे. उतारावरची सलईची झाडं, हिवाळ्यात जोडीनं उतरणारे चक्रवाक, डोंगरातून येणारे तीन ओढे — माझं जीवशास्त्र तिथंच सुरू झालं. "नुसतं पाणी काय बघायलीस? वरचं गवत बघ. गवत हाय तर तळं हाय," असं ते म्हणायचे.

मग दुष्काळाची वर्षं आली. त्यातच शहर वाढत डोंगरापर्यंत पोचलं, प्लॉटिंगसाठी दोन ओढे बुजवले गेले आणि तळं पार आटलं. नेमका तेव्हाच बाबांना लकवा झाला. अंथरुणातून रोज विचारायचे, "पाणी किती हाय?" मी सांगायचे, "निम्म्याच्या वर, बाबा." काय करणार! खरं सांगायची छाती झाली नाही. पुढं दुसरा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. तरी मी रोज संध्याकाळी उशाशी बसून तळ्याच्या खोट्या बातम्या देतच राहिले. पाणी, बदकं, सगळं.

त्या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी तळ्यातला गाळ काढायला घेतला. आईला मात्र 'कॉलेजचं काम' असंच सांगितलं होतं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. गाळ शेतात न्यायला ट्रॅक्टर लागलेले, जेसीबी चालू. ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, अजून दोन फूट घेऊ का? जितकं खोल, तितकं पाणी."

दुष्काळात माणसाला खोल जाण्यापलीकडं काही सुचत नाही. मी म्हटलं, "घ्या की!"

तेवढ्यात आईचा फोन. ती रडत होती. "अगं, तुझे बाबा बोलायलेत! आठ महिन्यांनी! म्हणायलेत, मशीन थांबव म्हणावं तिला. पळसाखाली मुरूम उघडा पडायलाय, पाणी राहायचं नाय... कुठली मशीन गं?"

मी वळून पाहिलं. जेसीबी काठावरच्या पळसाखालीच होता. त्यानं उचललेल्या काळ्या मातीत मूठभर पांढरट मुरूम दिसत होता... "थांबा, थांबा!" ओरडत मी पळाले.

गाळ न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मग समजावलं. तळ्याच्या बुडाशी काळ्या चिकणमातीचा थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो फोडला की खालचा मुरूम सगळं पाणी पिऊन टाकतो. "अजून जरा खाली गेला असता, तर तळं हातचं गेलं असतं, बाई." उघडा पडलेला तुकडा आम्ही चिकणमाती टाकून, तुडवून बुजवला.

घरी आले तेव्हा बाबा पुन्हा गप्प. चिखलाच्या कपड्यांनीच त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बाबा, तळं कोरडं पडलंय. दोन वर्षं खोटं बोलले तुमच्याशी." मला रडू आवरेना. त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला. रागावले असते तर बरं वाटलं असतं... त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, गेलेली वाचा कधीकधी अशी क्षणभर परत येते. मान्य! पण पळस? मुरूम? तळ्यावरून घरी एकही फोन गेला नव्हता, हे मी प्रत्येकाला विचारून घेतलंय. शिकवण्याच्या सवयीनं सगळ्या शक्यता कागदावर मांडल्या. एकही टिकली नाही.

बाबा श्रावणात गेले. तळं भरलं ते त्यानंतर, परतीच्या पावसात, आणि पाणी पुढचा उन्हाळाभर टिकलं. "तुझ्या बाबांनी हे बघायला पाहिजे होतं," असं आई म्हणते. सुरुवातीला मीही मान डोलवायचे. आता नाही. ज्या माणसाला उस्मानपुऱ्यातल्या खाटेवरून पळसाखालचा मुरूम दिसला, त्याला ते पाणी दिसलं नसेल, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?