लाल पेन्सिल आणि अंडीवाल्या आजींची आजी

तुमच्या इंग्लंडमधल्या गावाचा थोडासा इतिहास सदाशिव पेठेत, आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला आहे. त्यातली सर्वांत मोठी चूकही इथलीच. नातवंडांनो, तुम्ही तेव्हा लहान होतात, म्हणून आता सविस्तर लिहिते. मराठी अडलं तर आईला विचारा.

तुमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे त्या एका चर्चच्या हद्दीतल्या, हौशी मंडळींना गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं होतं. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाला कधी पुरलं, हे सारं चर्चच्या जुन्या वह्यांत होतं. पण ते अक्षर कोणाला लागेना. तुमच्या आईने सांगून टाकलं, "माझ्या आईकडे द्या. ती डॉक्टरांचंसुद्धा अक्षर वाचते." मला न विचारता, अर्थातच.

पानांचे फोटो ईमेलने येऊ लागले. सकाळचा चहा झाला की मी भिंग, पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसे. तुमचे आजोबा पेपराआडून म्हणायचे, "दीडशे वर्षं त्यांनी राज्य केलं. आता त्यांच्या बारशांच्या नोंदीही आपणच ठेवायच्या का?"

"अहो, तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा."

"सोडवलं असतं. पेन्सिल तू पळवलीस."

मला मात्र मजा येत होती. वडिलांच्या रकान्यात शेतमजूर, लोहार, गवंडी, पुन्हा शेतमजूर. एका पाद्रीबुवांची प्रत्येक ओळ शेवटी खाली घसरे. रविवारी भरपेट जेवून लिहीत असावेत.

तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. एकाच पुस्तकाची दोन कार्डं सापडली की एक रद्द करायचं, हे हाडात मुरलेलं. त्यामुळे तेच आईवडील, तेच घर आणि तेच मुलीचं नाव दोनदा दिसलं, तेव्हा माझी पेन्सिल थांबली नाही. दोन नोंदींमध्ये दोन वर्षांचं अंतर होतं, पण त्या पाद्रीबुवांचा मला भरवसाच नव्हता. सख्ख्या बहिणींना कोणी एकच नाव ठेवतं का? एकीला हाक मारली तर दोघी येतील! असल्या अकरा नोंदी मी खोडल्या, स्वतःवर खूश झाले आणि यादी पाठवून दिली.

यादी गावाच्या हॉलमध्ये वाचायला ठेवली गेली. शुक्रवारी पुस्तक छापायला जायचं होतं. बुधवारी दुपारी तुमच्या आईचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर शेजारच्या अंडीवाल्या आजी दिसल्या. मागे कोंबड्या.

"माझी आजी तुमच्या यादीत नाही," त्या म्हणाल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. मला वाटलं, पुण्याच्याच आहेत. मग त्यांनी आजीचं नाव, घर आणि जन्माचं वर्ष सांगितलं.

"या नावाची मुलगी आहे की. दोन वर्षांनी मोठी. वयात थोडी गडबड झाली असेल."

"माझी आजी वय लपवणाऱ्यांतली नव्हती, बाई. सगळ्यांना सांगत सुटायची." मग त्यांचा आवाज खाली आला. "तिचा फोटो नाही. थडग्यावर दगड नाही. त्या वहीत नाव आहे, तेवढीच ती उरली आहे."

मी त्यांना थांबायला सांगितलं. दफनाची पानं मी नंतरसाठी बाजूला ठेवली होती. ती उघडली. दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या हिवाळ्यात तेच घर, तेच नाव, वय अकरा महिने.

माझ्या सासूबाईंची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. तिचं नाव त्यांनी या घरात पुन्हा कोणाला उच्चारू दिलं नाही. तुमच्या गावातल्या त्या आईने तेच नाव पुढच्या मुलीला ठेवलं आणि ती रोज त्याच नावाने हाका मारत राहिली. दोघींचं दुःख एकच. मी एकीचं ओळखलं आणि दुसरीचं खोडलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमची आजी दुसरी. पहिली बाळपणीच गेली."



"आजीच्या आधी एक होती? मला कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. मग, "छापताना दोघींनाही घ्या."

गुरुवारी मी दिवसभर टेबलावरून उठले नाही. आजोबांनी कुकर लावला, हेही इतिहासात जावं. अकरापैकी नऊ घरांत मधे एक लहानसं दफन सापडलं, त्या नोंदी परत घातल्या. उरलेल्या दोन बहुधा पाद्रीबुवांच्याच चुका होत्या, हे माझ्या बचावासाठी लिहिते. त्याही मी जशाच्या तशा ठेवल्या.

तुमच्या घरी ते पुस्तक आहे. अंडीवाल्या आजींच्या घरच्या दोन्ही मुली त्यात आहेत, दोन वर्षांच्या अंतराने. लाल पेन्सिल आजोबांनी शब्दकोड्यासाठी नेली. मी ती परत मागितलेली नाही.